रिकामी फ्लॉपी परत द्यायची नाही

पहिला व्हायरस माझ्या घरात आला तेव्हा मला आनंद झाला होता. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतात, पण जे झालं ते झालं. सकाळचे आठ वाजले होते, कुकर गॅसवर होता आणि मी कंप्यूटरसमोर बसून एका वकिलांचं इंग्रजी पत्र टाइप करत होते. एकाएकी पडद्यावरचं एक अक्षर सुटलं आणि खाली पडलं. मग दुसरं. मग पाच-सहा एकदम. बघता बघता वकिलांचं सगळं पत्र पडद्याच्या तळाशी ढीग होऊन बसलं. मी खुर्चीवरून उठले आणि चक्क टाळी वाजवली.

"अहो, आला! आपल्याकडे पण आला!"

नवरा अर्ध्या गालावर साबण घेऊन धावत बाहेर आला. त्याला वाटलं सिलिंडर आला. पडद्याकडे बघून तो म्हणाला, "हे बिघडलंय," आणि परत आरशाकडे गेला. त्या माणसाला कशाचंही कौतुक नाही.

मला मात्र होतं. करोल बागेतल्या एका अरुंद जिन्यावरच्या क्लासमध्ये मी सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि तिथल्या सरांनी शेवटच्या दिवशी फळ्यावर 'व्हायरस' एवढा एकच शब्द लिहून घंटा वाजल्यावर पुसून टाकला होता. तेव्हापासून मला त्याला बघायचं होतं.

ही गुडगावची गोष्ट. तेव्हा त्याला सगळे गुडगावच म्हणत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी मिळून तिथे सोसायटी बांधली होती आणि आम्ही दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आपल्या घरात राहायला आलो होतो. बाल्कनीतून एका बाजूला मोहरीची शेतं दिसत, दुसऱ्या बाजूला काचेची पहिली उंच इमारत. पाणी टँकरने यायचं, वीज तिच्या मर्जीने. पण रोज सकाळी उठलं की वाटायचं, आज काहीतरी नवीन उघडणार. कधी टीव्हीवर नवा चॅनेल, कधी कोपऱ्यावर परदेशी फोन लावून देणारं दुकान. मी चौतीस वर्षांची होते आणि मला प्रत्येक गोष्टीत पहिल्या रांगेत बसायचं होतं.

सोसायटीत अकरा मराठी घरं होती. माझ्या घरी कंप्यूटर आल्यावर मी त्या घरांतल्या बायकांसाठी दुपारचा वर्ग काढला. त्या काळी फ्लॉपी म्हणजे तळहाताहून मोठी, काळी, पातळ चौकोनी तबकडी असे, कागदी पाकिटात ठेवलेली. प्रत्येकीच्या दोन-तीन फ्लॉप्या, त्यांच्यावर आडनाव. बायका नवऱ्याच्या ऑफिसातून किंवा दिराच्या घरून त्यात काय काय भरून आणत. आकाशकंदिलाचं चित्र, सापाचा खेळ, कुठलीशी कुंडली काढून देणारा प्रोग्राम. मग ती फ्लॉपी शेजारणीकडे जाई, जशी विरजणाची वाटी जाते तशी. आणि इथे मी माझी अक्कल पाजळली. एका दुपारी वर्गात मी जाहीर केलं, "हे बघा, आपल्यात वाटी रिकामी परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतो. फ्लॉपीही द्यायची नाही. काहीतरी घालूनच परत करायची. त्याशिवाय हात कसा बसणार?"

बायकांना हे इतकं आवडलं की विचारू नका. कंप्यूटरची जी काही भीती होती ती त्या एका वाक्याने पळाली. कुणी चकलीची कृती घालून परत करी, कुणी रांगोळी. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

एक खबरदारीही शिकवली होती. फ्लॉपीच्या कडेला एक छोटी खाच असे. ती झाकली की मशीनला तिच्यात काही लिहिता येत नसे, फक्त वाचता येई. त्यासाठी खास चिकटपट्ट्या मिळत, पण त्या आमच्याकडे नेहमी संपलेल्या असत. म्हणून आम्ही टिकल्या लावायला लागलो. मोठी मखमली मरून टिकली, दोन्ही बाजूंनी एकेक. उत्तम चाले. फक्त एवढंच की साखर घालून परत करायची, तर टिकली काढावी लागे. दोन नियम मी एकाच तोंडाने शिकवले आणि ते एकमेकांच्या उरावर बसलेत हे मला दिसलंच नाही.

आता काकूंबद्दल. आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. काका मंत्रालयातून निवृत्त होऊन वर्षभरात गेले, मुलगी अमेरिकेत. काकूंना कंपवात होता. पेन धरलं की अक्षराऐवजी नुसत्या रेघोट्या उठत; स्वतःचं लिहिलेलं स्वतःला वाचता येत नसे. एकदा वर्गात सहज बसल्या असताना मशीनवर मराठीचा प्रोग्राम चालू होता; त्यांनी एका बोटाने एक की दाबली आणि पडद्यावर स्वच्छ, ठसठशीत 'क' उमटला. त्या कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"अगं, हा कापत नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून रोज अकरा वाजता त्या खाली येऊ लागल्या. लग्न होऊन दिल्लीत आल्या तिथपासूनची आपली हकिकत त्यांना मुलीसाठी लिहायची होती. बोट कीवर थरथरलं की एका 'क'चे चार होत, म्हणून मी मशीनला आज्ञा देऊन की जरा संथ केली होती, तरी मधूनमधून दोन-दोन अक्षरं उमटतच. एका दिवसात अर्धं पान झालं तर खूप. असं अकरा महिने चाललं. एकोणीस भाग झाले. मुलगी दिवाळीला येणार, तिच्या हातात ते द्यायचं आणि मग तिच्याबरोबर कायमचं निघून जायचं, असं ठरलं होतं. हात महिन्या-महिन्याला जास्त कापत होता. पुन्हा लिहायचं म्हटलं असतं तर ते झालंच नसतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

हे सगळं एका फ्लॉपीवर होतं. कागदावर एक ओळ नाही, कारण "काकू, आता कागद कशाला लागतो?" असं मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं. माझ्या मशीनच्या डिस्कवरही नाही, कारण तिथे वकिलांची पत्रंच मुश्किलीने मावत होती. सुरुवातीला एकदा त्यांनी विचारलं होतं, "वाचलंस का गं?" मी पोळी लाटत होते. "हो काकू, छान आहे," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

अक्षरं पडली त्या दिवशी मी बायकांना बोलावून बोलावून तो तमाशा दाखवला. मशीन बंद करायचं सोडून प्रत्येकीची फ्लॉपी आत घालून बघितलं, हिच्यात आहे का, तिच्यात आहे का. अकरा वाजता काकू आल्या. मी त्यांचीही फ्लॉपी घातली. मशीनने घरघर केली आणि सांगितलं, वाचता येत नाही. पुन्हा घातली. वाचता येत नाही.

तेव्हा माझं हसू गेलं. पण मी स्वस्थ बसणाऱ्यातली नाही, हाच तर माझा दोष. कोर्समध्ये डिस्क दुरुस्त करायची एक आज्ञा शिकवली होती, ती मी दणकून दिली. मशीनने विचारलं, करू का? मी म्हटलं, कर. दोन मिनिटांनी फ्लॉपी वाचता येऊ लागली आणि तिच्यात काकूंची एकही फाइल नव्हती. होते ते नुसते आकडे घातलेले तुकडे, उघडले की चौकोन, हसरे चेहरे आणि भलत्याच खुणा.

काकूंनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गेलं का?" एवढंच म्हणाल्या. मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. त्या ओरडल्या असत्या तर मी तरी ओरडले असते. त्या जिना चढून वर गेल्या.

मी तशीच उठले, साडीवर स्वेटर चढवला, फ्लॉपी दोन वह्यांच्या मध्ये ठेवली आणि बस पकडली. धौलाकुआँला बस बदलून नेहरू प्लेस, म्हणजे कंप्यूटरचा बाजार. तिथे तळघरात एक सरदारजी बसत, मशीनची आतडी टेबलावर पसरून. माझं मशीन त्यांनीच जोडून दिलं होतं. त्यांनी फ्लॉपी घातली, चहा मागवला आणि दहा मिनिटांनी मान हलवली.

"मैडमजी, एक नहीं, दो-दो हैं."

आणि मग ते सांगू लागले. खरं सांगते, एवढी अपराधी वाटत असूनही माझ्या अंगावर काटा आला, इतकं ते सुरस होतं. मी वही काढून लिहून घेतलं. ती वही अजून आहे.

अक्षरं पाडणारा तो फाइलवाला. तो प्रोग्रामच्या फायलीच्या शेपटीला चिकटतो. प्रोग्राम चालवला की आधी हा उठतो आणि मग मेमरीत ठाण मांडतो. दुसरा बूट सेक्टरचा. फ्लॉपीच्या अगदी उंबऱ्यावर एक जागा असते, मशीन सुरू होताना आधी तिथे बघतं. हा तिथेच बसतो आणि मूळ उंबरा उचलून आत कुठेतरी टाकतो. ज्या जागेवर टाकतो तिथे फायलींच्या नावांची यादी असली तर ती चिरडते. काही व्हायरस म्हणे दोन्हीकडे बसतात, फायलीतही आणि उंबऱ्यावरही. काही दर वेळी रूप बदलतात, त्यामुळे त्यांची ओळख पटवणारी खूण सापडत नाही. वहीत त्यापुढे मी सोसायटीतल्या मराठी मंडळाच्या माजी चिटणीसबाईंचं नाव लिहिलं होतं, ते नंतर खोडलं. आणि एक जात अशी की तुम्ही विचारलंत, फाइल केवढी आहे, तर तुम्हाला जुनंच माप दाखवते, सगळं ठीक आहे म्हणते. ट्रोजन म्हणजे वरून खेळ, आतून दरोडा. तो स्वतः पसरत नाही, आपण हौसेने घरी नेतो. वर्म तर कुणाच्या फायलीला चिकटतही नाही, तारेतारेने स्वतःच सरपटत जातो. आमच्याकडे तार कुठे होती! आमच्या तारा म्हणजे आम्हीच, हातात फ्लॉपी घेऊन जिने चढणाऱ्या बायका.

"लेकिन इसमें डेटा?" मी विचारलं.

सरदारजींनी कपाळावर हात मारला. "वायरस ने तो सिर्फ ताला तोड़ा था. अलमारी आपने खाली की. वो कमांड क्यों चलाई?"

या वाक्याने मला तिथेच रडू फुटलं. तळघरात, सोल्डरच्या वासात, चार अनोळखी माणसांसमोर. सरदारजी गडबडले. त्यांनी त्यांचा चहाही मला दिला. मग एक फ्लॉपी काढून दिली, व्हायरस शोधून काढणाऱ्या प्रोग्रामची, आणि बजावलं की मशीन बंद करून याच फ्लॉपीने सुरू करायचं, म्हणजे मेमरीत बसलेला उठतो. आणि सोसायटीतली एकूण एक फ्लॉपी गोळा करून तपासायची. एकही बाहेर राहिली तर तो परत येणार. माझ्या पिशवीतली टिकली लावलेली दुसरी फ्लॉपी बघून मात्र त्यांना राहवलं नाही. "दस साल में पहली बार किसी फ्लॉपी को सिंगार करते देखा है," ते म्हणाले. मी रडता रडता हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी अकरा घरांचे जिने चढले. कुणाची फ्लॉपी देव्हाऱ्याच्या खणात, कुणाची फ्रिजवर. एकीची गाडीच्या काचेशी उन्हात राहून पापडासारखी वाकडी झालेली. एकीने ती खिडकीची फट बंद करायला लावली होती. दुपारपर्यंत एकतीस फ्लॉप्या जमल्या. स्वच्छ फ्लॉपीने मशीन सुरू केलं आणि एकेक तपासायला बसले. निघाला की मशीन टूं करून ओरडे आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बायका "निघाला, निघाला!" करत. कुणाकडे एकच, कुणाकडे दोन्ही. काकू आल्या नव्हत्या.

सातवी फ्लॉपी साफ झाल्यावर मी आत काय शिल्लक राहिलंय ते बघायला यादी काढली. आकाशकंदील होता. सापाचा खेळ होता. आणि एक फाइल होती, तिचं नाव रोमन अक्षरांत 'साखर' आणि पुढे चार हा आकडा.

"हे काय गं?" मी फ्लॉपीच्या मालकिणीला विचारलं.

"ते ना? काकूंनी परत देताना घातलंय. मी उघडलं नाही, यार. मराठीचा प्रोग्राम ह्यांच्या ऑफिसात नाही."

मी फाइल उघडली. आधी दिसलं ते 'दिल्ल्लीच्या थंडीत'. तीन 'ल'. चौथा भाग, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

काकूंना चित्र काढता येत नव्हतं, खेळ माहीत नव्हते. मी केलेला नियम त्यांनी पाळला होता. कुणी त्यांना रांगोळी पाठवली की परत देताना त्या आपल्या लिखाणाचा एक भाग कॉपी करून घालत. ती एक आज्ञा त्यांना पाठ होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. एका घरी तेच तेच कसं द्यायचं, म्हणून प्रत्येक वेळी वेगळा भाग. सगळ्या घरांतून त्या वाटल्या गेल्या होत्या आणि एकीनेही वाचलं नव्हतं.

त्या दुपारी माझ्या घरात जो गोंधळ झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. साखर नऊ! साखर दोन! बायका किंचाळत होत्या. एक जण वहीत आकडे खोडत होती, एक जण सगळ्यांना चहा करत होती, आणि मी मध्येच उठून कुणाला तरी मिठी मारत होते. वीज गेली, सगळ्या एका सुरात "अरे देवा" म्हणाल्या, आणि आली तेव्हा टाळ्या पडल्या. ज्या हातांनी रोग पसरवला त्याच हातांनी ते वाचवून ठेवलं होतं. एकतिसावी फ्लॉपी झाली तेव्हा सोळा भाग सापडले होते. दोन बहुधा त्या पापड झालेल्या फ्लॉपीत होते, ते मिळालेच नाहीत. आणि पहिला नव्हता.

पहिलाच नसावा याचं मला फार वाईट वाटलं. बायका गेल्यावर मी खण आवरू लागले. तळाशी, वकिलांच्या पत्रांखाली, माझी स्वतःची फ्लॉपी होती. काकूंना शिकायला म्हणून पहिल्या आठवड्यात दिलेली. त्यांनी परत केलेली. दोन्ही बाजूंना मरून टिकल्या, जशाच्या तशा. मी ती मशीनमध्ये घातली आणि तपासली. मशीन ओरडलं नाही. माझ्या अख्ख्या घरात तेवढी एकच निरोगी फ्लॉपी होती, कारण मी ती कधी उघडलीच नव्हती. आत एकच फाइल होती. साखर एक.

उभ्या उभ्या वाचायला लागले आणि मग बसले. काकूंनी लिहिलं होतं की लग्न होऊन क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा हिंदीचा एक शब्द येत नव्हता. समोरच्या पंजाबी बाईने राजम्याची वाटी आणून दिली. घरात घालायला काही नव्हतं आणि काय बोलावं कळेना, म्हणून त्यांनी वाटी धुऊन, रिकामीच, दारात ठेवून दिली. आठवड्याने त्या बाईच्या नवऱ्याची बदली झाली. 'ती वाटी मला अजून टोचते,' असं लिहिलं होतं. खाली एक ओळ सोडून माझ्याबद्दल होतं. 'माझी मास्तरीण माझ्याहून तीस वर्षांनी लहान आणि भलती तापट आहे. की चुकली की ओरडते. मग पश्चात्ताप होतो आणि रव्याचा लाडू आणून देते. ती म्हणाली फ्लॉपी रिकामी द्यायची नाही. ही पहिली तिला.'

काचेवर कुणी वाफ सोडावी तसा पडदा अंधुक झाला. मी शिंप्याकडे जायचं, भाजी आणायची, सगळं टाकून ते सतरा भाग छापले. घरातला प्रिंटर एकेका ओळीला कर्र कर्र करत होता. कागद अजून गरम असतानाच मी वर गेले.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवले आणि धापा टाकत सगळं सांगितलं, कुठलं कुणाकडे मिळालं ते. त्यांच्या हातातले कागद थरथरून वाजत होते.

"दोन भाग नाही मिळाले," मी म्हटलं.

"कुठले?"

"बारा आणि तेरा."

"असू दे. माझ्या दिरांच्या मुंजीचे होते. कंटाळवाणेच होते." मग त्यांनी वरचं पान बघितलं. "हा पहिला कुणाकडे होता?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. "खणात."

त्यांनी पानावरून नजर उचलून माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे मी तेव्हा वाचलं नव्हतं, काकू. मी खोटं बोलले."

"ते मला त्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "वाचलं असतंस तर छान आहे म्हणून गप्प बसली असतीस होय? बरं, मग आता सांग. कसं आहे?"

मी पहिलं पान उचललं, डोळे पदराने पुसले आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"काकू, हे चूक आहे. मी रव्याचा लाडू कधी दिला? बेसनाचा होता. चांगला तूप सोडून भाजलेला बेसनाचा. आणि मी तापट नाही."

काकू हसल्या. अगदी खांदे हलेपर्यंत हसल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "आता वाचलंस."